सगळा भारत पिवळा

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली. त्याचे घरात कोणाला आश्चर्य वाटले नाही. मी मुलाखतीत तोंड उघडले, याचे मात्र सर्वांना वाटले. वस्तुस्थिती अशी की मी तिथेही माणसांशी बोललेच नव्हते. मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरसाहेबांच्या मागच्या भिंतीवर भारताचा मोठा नकाशा होता. त्यांनी विचारले, "नॉर्थ इंडिया में विंटर का फॉग कैसे बनता है, बताइए?" मी उठले, त्यांना वळसा घालून नकाशापाशी गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून बराच वेळ नकाशाशी बोलले. समोर चेहरा नसला की मला बऱ्यापैकी बोलता येते. परत वळले तेव्हा साहेब खुर्ची फिरवून नकाशाकडे पाहत होते, आणि मी निवडली गेले होते. अर्थात तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर.

पुण्यात भूगोल विषय घेऊन एम.ए. झाल्यावर मी लग्न करून दुबईला आले, आणि तो भूगोल मी अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये मुलीचे नकाशे रंगवून देण्यापुरता वापरला. मुलगी कॉलेजात गेली आणि नकाशे संपले. मग तिनेच माझा अर्ज भरला, तिनेच तो पाठवला आणि मला नंतर सांगितले. "आई, यू विल थँक मी," असे ती म्हणाली. मी "बघू" म्हणाले. मी बहुतेक सगळ्याच गोष्टींना "बघू" म्हणते. भात की पोळ्या, बघू. लग्नाला होकार देतानासुद्धा मी "माझी काही हरकत नाही" एवढेच म्हटले होते. त्या वाक्याला माझ्या नवऱ्याने होकार मानले, हे त्याचे धाडस.

कंपनी जुमेरा लेक टॉवर्समधली, तिसाव्या की एकतिसाव्या मजल्यावरची, लहानशी. अमिरातीतल्या व्यापाऱ्यांचा माल जहाजाने गुजरातच्या बंदरात उतरे आणि तिथून ट्रकने उत्तर भारतात जाई. तो सुरळीत पोहोचवण्याची जबाबदारी आमची. हिवाळ्यात या प्रवासाचा एकच मोठा शत्रू, तो म्हणजे गंगेच्या मैदानातले धुके. पहाटेच्या धुक्यात ट्रक ट्रकवर आदळतात. म्हणून पुढच्या तीन दिवसांत देशाच्या कोणत्या भागात कसे हवामान असेल, याचा अंदाज रोज संध्याकाळी तयार करायचा, हे माझे काम. सरकारी वेधशाळेची पत्रके वाचायची, उपग्रहाची चित्रे पाहायची आणि देशाचे सहा विभाग करून प्रत्येकाला एक रंग द्यायचा. हिरवा म्हणजे गाड्या सोडा. लाल म्हणजे थांबवा. आणि पिवळा म्हणजे सावध राहा.

पहिल्या आठवड्यात मी सहाही विभाग पिवळे केले. दुसऱ्या आठवड्यातही केले. याला माझ्याकडे शास्त्रीय कारणे होती. काश्मीरमध्ये बर्फ पडणार होता, पण कदाचित घाटात नाही. पंजाबात धुके होते, पण वारा सुटला असता तर नसते. दक्षिणेत स्वच्छ ऊन होते. पण ऊन आहे म्हणून एकदम हिरवा द्यावा, इतका आत्मविश्वास मला केरळबद्दलही वाटत नव्हता. रंगाखाली मी चार ओळींचे विवेचनही लिहीत असे. एकदा मॅनेजरसाहेबांनी ते सगळ्या कार्यालयासमोर वाचून दाखवले. इंग्रजी मूळचे माझेच, पण मनात ते मराठीतच तयार झाले होते: "पश्चिम उत्तर प्रदेशात तुरळक ठिकाणी मध्यम ते दाट धुके पडण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही, तथापि वाऱ्याचा वेग वाढल्यास ते न पडण्याचीही शक्यता विचारात घ्यावी."

साहेब मल्याळी, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. आखातात आल्यावर शिकलेल्या त्यांच्या हिंदीला व्याकरण कमी आणि धार जास्त होती. कागद खाली ठेवून ते म्हणाले, "मॅडम, ये इंडिया है या हल्दी का खेत?"

सगळे हसले. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. नंतर प्रसाधनगृहात जाऊन थोडी रडले, आणि रडताना मनात हळदीची लागवड कोणत्या जिल्ह्यांत होते त्याची उजळणी चालू होती. शिक्षणाचा असा उपयोग होतो.

त्या कार्यालयात माझ्याशी मराठीत बोलणारे एकच गृहस्थ होते, आणि तेही त्या कार्यालयात नव्हते. जबल अलीच्या गोदामात गाड्यांची व्यवस्था बघणारे आमचे सहकारी मूळचे रत्नागिरीचे. मी त्यांना भाई म्हणत असे, ते मला ताई. वयाने ते माझ्याहून मोठे होते, पण ताई म्हणण्यात त्यांचा आदर होता आणि थोडी थट्टाही. माझा अंदाज त्यांच्याकडे जाई, आणि त्यावरून ते भारतातल्या ट्रकवाल्यांना फोन करीत.

"काय ओ ताई," ते रोज विचारत, "आज पण पिवळा?"

"हो भाई, जरा परिस्थिती तशीच आहे."

"परिस्थिती बरोबर आहे. पण मी त्या ड्रायव्हरला काय सांगू? सावध राहा? तो वीस वर्षं सावधच आहे. त्याला गाडी चालू करायची का बंद, एवढंच पाहिजे."

"वेळ पाहून ठरवावं, असं सांगा."

"म्हणजे मी ठरवू?"

"तसं नाही..."

"खलास," ते म्हणत आणि फोन ठेवत. त्यांच्या 'खलास'मध्ये राग नसे. एखाद्या बंद दुकानासमोरून पुढे जाणाऱ्या माणसाचा तो आवाज असे.

माझ्या बाजूने एक सांगायला हवे. या देशात सगळेच 'इन्शाल्ला', म्हणजे देवाची इच्छा असेल तर, असे म्हणतात. बिल कधी निघेल, इन्शाल्ला उद्या. लिफ्ट कधी दुरुस्त होईल, इन्शाल्ला. त्या शब्दाने कोणाचे प्रोबेशन धोक्यात आल्याचे मी ऐकले नाही. माझे 'नाकारता येत नाही' हेही त्याच जातीचे होते. फक्त ते लांबलचक होते आणि त्यात देवाचा आधार नव्हता.

जानेवारीत साहेबांनी मला आत बोलावले. माझे प्रोबेशन महिनाअखेर संपत होते. मला कायम करायचे की निरोप द्यायचा, हे त्यांना आठवडा संपेपर्यंत मुख्य कार्यालयाला कळवायचे होते. माझ्याविषयी त्यांचे मत वाईट नव्हते. "नॉलेज तो आपका फर्स्ट क्लास है," ते म्हणाले, "लेकिन डिसिजन नहीं है." मग त्यांनी संगणकावरचा माझा तक्ता उघडला, रंगांच्या चौकटीतला पिवळा निवडला आणि माझ्यादेखत पुसून टाकला. "अब दो ही कलर. कल से."

मला ही नोकरी हवी होती. किती हवी होती, ते त्या क्षणी कळले. पगारासाठी नव्हे, घर नवऱ्याच्या पगारावर चाललेच होते. पण सकाळी अल बर्शाच्या स्थानकावर मेट्रोची वाट पाहत उभ्या असलेल्या कामकरी माणसांत आपणही एक आहोत, गळ्यात आपल्या नावाचे कार्ड आहे, आणि आपण ते दिवसातून दोनदा उगाचच चाचपून पाहतो, हे मला आयुष्यात फार उशिरा मिळाले होते. ते तीन महिन्यांत परत देण्याची माझी तयारी नव्हती.

त्याच आठवड्यात एका खजूर व्यापाऱ्याच्या गाड्या वाटेत होत्या. रमजान जवळ येत होता, आणि अमिरातीतला खजूर लखनौ आणि पाटण्याच्या बाजारात वेळेवर पोहोचायला हवा होता. गाड्या जयपूरच्या बाहेर एका ढाब्यापाशी येऊन थांबल्या होत्या. बुधवारी दुपारी त्या निघाल्या, तर गुरुवारच्या पहाटे आग्रा ते लखनौ या पट्ट्यात असणार होत्या; धुके पडले तर नेमके तिथेच पडणार होते. मंगळवारी संध्याकाळी मला त्या पट्ट्याचा रंग द्यायचा होता.

मी पुष्कळ अभ्यास केला. भूमध्य समुद्राकडून निघालेला एक पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यातला ढगांचा आणि पावसाचा फेरा, इराणवरून उत्तर भारतात शिरत होता. राजस्थानात आणि दिल्लीच्या आसपास शिडकावा होणार होता. पाऊस पडून गेला, जमीन ओली राहिली, आकाश निवळले आणि वारा थांबला, की धुके पडते. यातल्या तीन गोष्टी नक्की होत्या. वाऱ्याचे काही सांगता येत नव्हते.

लाल की हिरवा? मी बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले. आणि मग मला एक उपाय सुचला, ज्याचा मला त्या संध्याकाळी अभिमानही वाटला. पिवळा काढून टाकला होता, पण छटा काढलेल्या नव्हत्या. मी आग्र्याचा पट्टा फिकट लाल केला, लखनौच्या पुढचा फिकट हिरवा केला, राजस्थान त्याहून किंचित गडद हिरवा, आणि पंजाब किंचित गडद लाल. नकाशा फार सुंदर दिसत होता. आज्ञेचे पालनही झाले होते आणि माझे मतही शाबूत राहिले होते. तो जबल अलीला पाठवून मी समाधानाने घरी गेले.

बुधवारी सकाळी मी मेट्रोत बसले तेव्हा काहीतरी चुकल्यासारखे वाटले. खिडकीबाहेर शेख झायेद रस्ता नव्हता. टॉवर नव्हते. पांढऱ्या कापसातून मधूनच एखादा दिवा सरकत होता. मला वाटले, चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसला. शेजारची फिलिपिनो मुलगी हसून म्हणाली, "फॉग, मॅडम." म्हणजे अंदाज लिहिणाऱ्या बाईला धुक्याची बातमी दुसऱ्यांकडून मिळाली. दोन दिवसांपूर्वी आमच्याकडेही शिडकावा झाला होता आणि वाळू ओली होती; त्याच ढगांमागे मी इराणमार्गे जयपूरपर्यंत गेले होते, पण माझ्या स्वतःच्या गच्चीवर काय होणार आहे, याकडे माझे लक्ष गेले नव्हते.

कार्यालयात मोजकीच माणसे होती. साहेब शारजाहून गाडीने येत, आणि ते धुक्यात अडकले होते. त्यांचा फोन एकदा लागला, "मैं नहीं पहुँचूँगा टाइम पे, आप कॉल ले लो," एवढे म्हणाले आणि बंद झाला. कॉल म्हणजे खजूर व्यापाऱ्याच्या माणसांशी रोज सकाळी होणारे बोलणे. त्यात तोपर्यंत मी फक्त "गुड मॉर्निंग" म्हणत आले होते, तेही कधी कधी मायक्रोफोन बंद ठेवून.

कॉल सुरू होण्याआधीच माझा फोन वाजला. भाई होते.

"ताई, हा काय प्रकार आहे? नकाशा छापला, तर सगळा राखाडी."

"राखाडी कसा असेल? रंग आहेत त्यात."

"गोदामाच्या प्रिंटरला रंग कुठे? काळा तेवढा आहे. तुमचा फिकट लाल राखाडी, फिकट हिरवा पण राखाडी. आम्ही तिघं जण उन्हात धरून बघणार होतो, पण ऊन नाय आज."

साहेबांनी पिवळा पुसला, तर मी राखाडी शोधून काढला होता.

"बरं, ऐका," भाई म्हणाले. त्यांच्याकडे दुसऱ्या फोनवर कोणीतरी हिंदीत ओरडत होते. "जयपूरवाला लाइनवर आहे. पार्टी पण ऐकतेय. रंग जाऊ दे. गाड्या सोडू का थांबवू? एका शब्दात सांगा."

मी काचेपाशी उभी होते. तिसाव्या मजल्यावरून नेहमी खाली तळे दिसते, पलीकडे रस्ता, त्यापलीकडे समुद्राची निळी रेघ. आता काचेच्या पलीकडे काहीच नव्हते. खाली रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि एकही गाडी दिसत नव्हती. समोर चेहरा नव्हता. खरे म्हणजे समोर काहीच नव्हते, आणि मला बोलायला तेवढेच लागते.

"थांबवा," मी म्हणाले.

"काय म्हणालात?"

"थांबवा, भाई. आज नको."

"यल्ला, चला," भाई म्हणाले, आणि दुसऱ्या फोनवर त्यांचा आवाज ऐकू आला, "रोक दो सबको. मॅडमने बोला है, रोक दो."

तो निर्णय किती शास्त्रातून आला आणि किती खिडकीतून, ते मला आजही सांगता येत नाही. उत्तर प्रदेशच्या धुक्याचा अंदाज मी दुबईचे धुके पाहून दिला, हे माझ्या पुण्याच्या प्राध्यापकांना कळू नये, एवढीच इच्छा आहे.

गुरुवारी सकाळी मी उपग्रहाचे चित्र उघडले. आग्रा ते लखनौ स्वच्छ. वारा थांबला नव्हता. डागसुद्धा नव्हता. मी चित्र बंद करून पुन्हा उघडले, जणू दुसऱ्या वेळी त्याला माझी दया येणार होती.

भाईंचा फोन आला. "ताई, जयपूरवाला काय सांगतो माहितीय? एवढं झकास ऊन आहे, की ड्रायव्हर लोकांनी कपडे धुवून गाड्यांवर वाळत घातले. एकाने तर डोक्याला तेल लावून मालिश करून घेतलं. तुम्हाला दुवा देतायत. पार्टी मात्र दुवा नाय देत."

"फार रागावलेत का?"

"ते म्हणतात, ही मॅडम खजूर पोहोचवणार का मुरवणार?"

साहेब त्या दिवशी वेळेवर आले होते. त्यांनी मला आत बोलावले, दार लावले आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे भाई होते आणि व्यापाऱ्याची माणसे. प्रश्न तोच होता: आज दुपारी सोडायच्या का?

या वेळी समोर चेहरा होता. साहेब माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना वळसा घालून नकाशापाशी जायची आता सोय नव्हती. काल मी चुकले होते. आज हिरवा दिला असता, तर सगळे खूश झाले असते, आणि माझी नोकरी बहुधा टिकलीही असती. पण वारा आता पडत होता. जमीन अजून ओलीच होती. काल जे धुके पडायला हवे होते, ते आज पडायला काहीच आडकाठी नव्हती. हे मला माहीत होते; आणि पहिल्यांदाच मला जे माहीत होते, ते मी अर्धवट सांगून सुटू शकत नव्हते.

"आजही थांबवा," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक होता, की साहेबांना तो फोनमध्ये पुन्हा सांगावा लागला. सांगताना त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे कडू औषध पिण्याआधी आपण डॉक्टरांकडे पाहतो.

शुक्रवारी पहाटे धुके पडले. आग्र्यापासून कानपूरपर्यंत पांढरी चादर. हा माझा विजय म्हणता आला असता. पण लखनौ त्या दिवशी चक्क मोकळे होते, जिथे मी धुके सांगितले होते. म्हणजे अर्धे बरोबर आणि अर्धे चूक, तेही एक दिवस उशिरा. धुके ओसरल्यावर दुपारी गाड्या निघाल्या आणि दिवसाउजेडी हळूहळू जात खजूर पोहोचला. वाटेत काहीही घडले नाही, आणि जे घडत नाही त्याचे आभार कोणी मानत नाही. व्यापाऱ्याने फक्त, गाड्या उशिरा का आल्या, असे लेखी विचारले.

शुक्रवारी संध्याकाळीच साहेबांनी मला पुन्हा बोलावले होते. हातातले पेन त्यांनी दोनदा उघडून बंद केले. ते म्हणाले, मुख्य कार्यालयाशी बोलणे झाले आहे. पार्टी नाराज आहे, पण पूर्ण नाराज नाही. त्याच पहाटे त्यांच्याच दुसऱ्या एजंटाच्या गाड्या धुक्यात आग्र्याच्या पुढे रस्त्यात उभ्या राहिल्या, हे पार्टीलाही कळले आहे. म्हणून आत्ताच कायम करणे कठीण आहे, तथापि काढून टाकण्याचाही प्रश्न येत नाही. परिस्थिती पाहून, प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवावे, असा विचार आहे. पुढे सर्व ठीक राहिल्यास शक्यता चांगली आहे.

मी ऐकत होते आणि मला ती वाक्ये ओळखीची वाटत होती. 'तथापि'च्या जागी तेवढे त्यांनी 'लेकिन' म्हटले होते, बाकी रचना माझीच होती. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेला तो माणूस घामाघूम झाला होता. मला त्यांची दया आली. आणि ती दया वाटत असतानाच माझ्या तोंडून जे बाहेर पडले, त्याने मलाच दचकायला झाले.

"सर, एक शब्द में. रखेंगे या नहीं?"

साहेबांनी पेन खाली ठेवले. मग म्हणाले, "हाँ." आणि मी दाराशी पोहोचेपर्यंत त्यांनी मागून जोडले, "इन्शाल्ला."

लिफ्टची वाट पाहत होते, तेव्हा भाईंचा फोन आला. जुम्म्याच्या नमाजानंतर ते गोदामात परत आले होते आणि त्यांना सगळे आधीच कळले असावे, तरी विचारले, "काय ओ ताई, काय निकाल? लाल का हिरवा?"

"पिवळा, भाई. आणखी तीन महिने."

ते मोठ्याने हसले. "मग काय घाबरायचं? पिवळ्याची तुम्हाला सवय आहे."